‘टेन्शन’च्या झाकणाखाली: मानसोपचाराला नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

‘टेन्शन आलंय’ हे आपलं सगळ्यात जास्त वापरलेलं आणि सगळ्यात कमी सांगणारं वाक्य. गृहकर्जाचा हप्ता थकला तरी टेन्शन, सासूबाई महिनाभर राहायला येणार तरी टेन्शन, वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यात छाती जड झाली तरी टेन्शनच. पहिल्यात भीती आहे, दुसऱ्यात बहुधा राग, तिसऱ्यात सरळ सरळ दुःख. तिघांवर झाकण मात्र एकच. बोलण्यातून होणाऱ्या उपचाराचे, म्हणजे मानसोपचाराचे, पहिले काही आठवडे हे झाकण उचलून खाली नक्की काय आहे ते बघण्यात जातात. ठाणे किंवा नवी मुंबईत राहून पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्याने काय, कसं आणि कोणत्या क्रमाने करावं, ते इथे दिलं आहे.

क्रम महत्त्वाचा का, हे कळायला एक चित्र डोळ्यांसमोर असू द्या. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड मालन यांनी १९७९ मध्ये एका त्रिकोणाची मांडणी केली. त्रिकोणाच्या खालच्या टोकाला भावना असते. वरच्या दोन टोकांपैकी एकावर चिंता, म्हणजे अंगात जाणवणारा ताण, आणि दुसऱ्यावर बचाव. एखादी भावना वर येऊ लागते. ती धोक्याची आहे असं लहानपणी कधीतरी शिकलेलं असतं (‘मोठ्यांवर रागवायचं नाही’, ‘मुलगे रडत नाहीत’), म्हणून शरीर घंटा वाजवतं. ती घंटा बंद करायला मन बचाव पुढे करतं: विषय बदलतं, हसतं, कारणं देतं, मुलावर ओरडतं. सिडकोच्या जुन्या इमारतीत राहिलेल्याला हे लगेच कळेल. ओल आपल्या हॉलच्या छताला दिसते, गळती असते वरच्या बाथरूममध्ये, आणि आपण दर दिवाळीला ओलीवर रंग मारत राहतो. ओल म्हणजे ताण, रंग म्हणजे बचाव.

बहुतेक नवखे लोक, आणि काही घाईचे समुपदेशकही, थेट रंग खरवडायला लागतात. पुढचं सगळं याच्या उलट क्रमाने सांगितलं आहे: आधी अंगातला ताण खाली आणायचा, मग बचाव ओळखायचा, भावनेला हात सगळ्यात शेवटी.

सुरुवात करण्याआधी

धडधड, थकवा, चिडचिड, झोप न लागणं ही लक्षणं मनाचीच असतील असं गृहीत धरू नका. फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर आणि बी-१२ तपासून घ्या. छातीत दुखत असेल तर आधी ईसीजी, मग मानसशास्त्र. दिवसाला किती कप चहा-कॉफी होते तेही मोजा. सहा-सात कप झाल्यावर येणारी हातांची थरथर भावनेतून आलेली नसते.

दुसरी गोष्ट तातडीची. जगू नये असे विचार येत असतील, स्वतःला इजा करण्याची इच्छा होत असेल, तर वही-पेन आणि त्रिकोण बाजूला ठेवा. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक लावा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, २४ तास आणि मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. धोका अगदी समोर दिसत असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या. पोलिसांच्या भीतीने लपवालपवी करण्याचं कारण नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच मानलं जातं, आणि सहसा तिच्यावर खटला चालत नाही.

तिसरी गोष्ट: कानात आवाज येणं, कोणीतरी आपल्या मागावर आहे अशी पक्की खात्री, तीन-चार दिवस जवळपास झोप न घेताही प्रचंड उत्साह, किंवा खाणंपिणंच बंद. यात आधी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर, बोलण्याचा उपचार नंतर.

चौदा दिवसांची नोंद

थेरपिस्टकडे जाण्याच्या आधीच दोन आठवडे नोंद ठेवली, तर पहिल्या दोन सत्रांचे पैसे वाचतात असं म्हटलं तरी चालेल. एका नोंदीला दोन मिनिटं, दिवसातून जास्तीत जास्त तीन नोंदी. सहा रकाने पुरे: वेळ आणि जागा, काय घडलं (एका वाक्यात, जणू कॅमेऱ्याने टिपलं), अंगात कुठे काय झालं, भावनेचं नाव, ० ते १० पैकी किती तीव्र, आणि त्यानंतर मी काय केलं.

एक नमुना पाहा. ‘मंगळवार, संध्याकाळी ६.१०, ऐरोली. साहेबांनी सगळ्यांसमोर शिफ्ट बदलली. खांदे आखडले, जबडा घट्ट. भावना: माहीत नाही. ताण ७. हसून ‘नो प्रॉब्लेम सर’ म्हणालो.’ आणि त्याच दिवशीची दुसरी: ‘रात्री ९.४०, घर. मुलाची कंपासपेटी सापडेना. डोकं तापलं. राग ९. पाठीत धपाटा घातला.’

या दोन नोंदी सुट्या वाचल्या तर पहिल्यात समजूतदार माणूस दिसतो, दुसऱ्यात तापट बाप. एकाखाली एक ठेवल्या की सहा वाजताचा राग साडेतीन तास प्रवास करून घरी पोहोचलेला दिसतो. नोंदींचा उपयोग हाच.

चुका दोन ठिकाणी होतात. एक, रात्री झोपताना दिवसभराचं एकदम लिहिणं. तोवर मनाने गोष्ट नीटनेटकी करून ठेवलेली असते. तासाभरात लिहा, लोकलमध्ये उभ्याने लिहा, पण ताजं लिहा. दुसरी चूक जागेची. ज्या घरात कपाटाला कुलूप नाही तिथे कागदी वही ठेवू नका. कोणीतरी वाचेल या धास्तीने तुम्ही खोटं लिहायला लागाल. फोनमधली कुलूपबंद नोंद बरी. ‘भावना: माहीत नाही’ हे उत्तर पूर्णपणे चालतं. पहिल्या आठवड्यात तेच जास्त वेळा येतं.

‘वाटतं’ या शब्दाची फसवणूक

मराठीत विचारालाही ‘वाटणं’ आणि भावनेलाही ‘वाटणं’. त्यामुळे माणूस भावना सांगतोय असं समजून तासभर विचारच सांगत राहतो. ‘मला वाटतं की तिला माझी किंमत नाही’ हा विचार आहे, निष्कर्ष आहे, कदाचित आरोपही. ‘मला वाईट वाटतं’ ही भावना. साधी कसोटी अशी: ‘वाटतं’च्या पुढे ‘की’ बसत असेल तर तो विचार. ‘मला एकटं वाटतं’ इथे ‘की’ घालून बघा, वाक्य मोडतं. दिवसभरातल्या पाच ‘वाटतं’वर ही कसोटी लावली की आठवड्यात कान तयार होतो.

मग नावांची बारी. शब्दांच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे, आपणच ते वापरायचे सोडले. रागाच्या घरात वैताग, चीड, संताप, जळफळाट, धुसफूस आणि कुढणं वेगवेगळे राहतात. वैताग बसची वाट पाहताना येतो, संताप अन्याय पाहून; कुढणं म्हणजे आतल्या आत गेलेला, वाट न मिळालेला राग. भीतीकडे धाकधूक, धास्ती, घालमेल, काळजी. दुःखाकडे हिरमोड, हळहळ, हुरहूर, पोरकेपण. लाजेकडे ओशाळणं आणि कानकोंडं होणं. नोंदीत ‘टेन्शन’ लिहायला मनाई करा आणि यांतला सर्वात जवळचा शब्द निवडा. हा नुसता भाषेचा खेळ नाही. भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डाला या धोक्याची सूचना देणाऱ्या भागाची हालचाल कमी होते, असं कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनवर दाखवलं.

शब्द सापडत नसेल तर शरीराला विचारा. राग साधारणपणे पोटाकडून वर चढतो, हात-दंडात जोर आणतो, ढकलावंसं वाटतं. दुःख घशात आवंढा आणतं आणि अंग जड करतं. अपराधीपणात छातीत कळ येते आणि चूक भरून काढावीशी वाटते. लाजेत मान खाली जाते, भुईने पोटात घ्यावं असं होतं. शेवटच्या दोघींची गल्लत नेहमी होते आणि ती महागात पडते. ‘मी चुकीचं केलं’ हा अपराधीपणा, त्यावर माफी मागून काहीतरी करता येतं. ‘मीच चुकीचा आहे’ ही लाज, ती माणसाला खोलीत कोंडते.

ताण अंगात कुठे उतरतो

शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये ‘लढा किंवा पळा’ ही शरीराची प्रतिक्रिया मांडली, हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये सततच्या ताणाने शरीर कसं झिजतं त्याचा धागा पकडला. तो इतिहास राहू द्या. थेरपीत कामाला येतं ते हे, की चिंता अंगात तीन वाटांनी उतरते आणि कोणती वाट चालू आहे त्यावर पुढे जायचं की थांबायचं ते ठरतं.

पहिली वाट हातापायांच्या, मानेच्या स्नायूंची. मूठ वळणं, खांदे कानापर्यंत चढणं, जबडा आवळणं, वारंवार उसासे. ही त्यातल्या त्यात चांगली खूण आहे. भावना जवळ आहे आणि ती पेलण्याची ताकदही आहे.

दुसरी वाट पोटातल्या आणि रक्तवाहिन्यांच्या स्नायूंची. परीक्षेच्या सकाळी पोट बिघडणं, मळमळ, छातीत जळजळ, अर्धशिशी. खांदे सैल, चेहरा शांत, पण पोट मात्र ढवळतंय. अशी माणसं बाहेरून ‘किती शांत’ दिसतात आणि आयुष्यभर अँटासिड घेतात.

तिसरी वाट डोक्याची. भर बोलण्यात विचार तुटणं, समोरचं धूसर दिसणं, कानात गुंई, आपण आपल्यालाच लांबून बघतोय असं होणं. ही लाल दिव्याची वाट. इथे आलं की खोदकाम बंद. भावना, भूतकाळ, आठवणी, सगळं थांबवून आधी जमिनीवर परत यायचं. काही सत्रांनंतर लोक ‘आणखीच बिघडलो’ म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा या खुणेकडे दुर्लक्ष करून पुढे रेटलेलं असतं. तुमच्या बाबतीत ही वाट चालू होते आहे असं दिसलं तर थेरपिस्टला वाक्य अर्धवट तोडून सांगा: ‘डोकं बधिर झालंय, थांबूया.’ चांगला थेरपिस्ट लगेच थांबतो.

खाली येण्याचे तीन उपाय, तीन वाटांसाठी. स्नायूंसाठी अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांची पद्धत: मूठ ५ ते ७ सेकंद घट्ट आवळा, मग २० सेकंद एकदम सैल, तसंच दंड, खांदे, कपाळ, पोट, मांड्या, पोटऱ्या. सगळं मिळून १५ मिनिटं, रोज, दोन आठवडे. एकदा करून ‘काही फरक नाही’ म्हणणं म्हणजे एक दिवस सूर्यनमस्कार घालून पोट बघणं.

पोट आणि धडधडीसाठी श्वास. इथे एक गैरसमज मोडायला हवा. घाबरलेल्याला सगळे सांगतात, ‘खोल श्वास घे.’ तो मोठमोठे, भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठ आणि बोटं मुंग्या येऊन बधिर होतात आणि त्याला वाटतं की आता हार्ट अटॅकच. श्वास मोठा नको, सोडणं लांब हवं. नाकाने ४ मोजेपर्यंत हळू आत, ६ मोजेपर्यंत बाहेर. मिनिटाला साधारण ६ श्वास, ५ मिनिटं. पोटावर हात ठेवा, छातीपेक्षा पोट हललं पाहिजे. आधी शांत असताना सराव करा. गर्दीच्या ठाणे स्टेशनवर पहिला प्रयोग करू नका.

डोकं बधिर होत असेल तर डोळे मिटूच नका. ध्यान इथे उलटतं. डोळे उघडे, पाय जमिनीवर दाबलेले, आणि मोठ्याने: दिसणाऱ्या ५ गोष्टी, स्पर्शाच्या ४, ऐकू येणाऱ्या ३, वासाच्या २, चवीची १.

बचाव, म्हणजे आजीला आधीच माहीत असलेलं मानसशास्त्र

सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९४ मध्ये ‘बचाव’ ही कल्पना वापरली आणि त्यांची मुलगी ॲना फ्रॉइड हिने १९३६ च्या पुस्तकात बचावांची पद्धतशीर मांडणी केली. पण यातल्या बऱ्याच गोष्टींना मराठी म्हणींनी आधीच नावं दिली होती. साहेबांचा राग मुलाच्या कंपासपेटीवर निघाला ते विस्थापन: वड्याचं तेल वांग्यावर. मिळाली नाही ती नोकरी मुळातच वाईट होती, हे तर्काचं समर्थन: कोल्ह्याला द्राक्षं आंबट. स्वतःच्या मनातला संशय जोडीदाराच्या मनात दिसणं हे प्रक्षेपण: आपल्यावरून जग ओळखावं. रिपोर्टचा लिफाफा तीन आठवडे न उघडणं हा नकार: मांजर डोळे मिटून दूध पितं. आणि राग दुसऱ्यावर न काढता स्वतःवरच उलटवून डोकेदुखी, उदासी, ‘माझंच नशीब’ असं करत बसणं, त्याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार याहून नेमकं नाव सापडणार नाही.

म्हणींच्या बाहेरचे काही बचाव आपल्याकडे फार चालतात, आणि ते गुण म्हणून खपतात, म्हणून ओळखायला अवघड. ‘ॲडजस्ट करणं’ त्यातला पहिला. वाशीच्या सोसायटीत सगळ्यांची कामं करणारी, कधी ‘नाही’ न म्हणणारी व्यक्ती खरोखर उदार असू शकते, किंवा आपल्यावर कोणी रागवेल या भीतीने ती सतत भाडं भरत असते. फरक कसा ओळखायचा? एकदा ‘नाही’ म्हणून बघा. नुसती रुखरुख लागली तर उदारपणा. हात गार पडून रात्रभर झोप उडाली तर बचाव. दुसरा बौद्धिकीकरण: आईच्या जाण्याबद्दल विचारलं की कर्करोगाच्या टप्प्यांची माहिती देणं. (मानसशास्त्रावरचे लेख एकामागून एक वाचत सुटणं हाही त्याचाच प्रकार, हा लेखही त्यात मोजा.) तिसरा विनोद. चौथा ‘लोकांना माझ्याहून किती वाईट दुःखं आहेत’, जे खरं असतं आणि तरीही तुमचं दुःख तिथून हलत नाही.

बचाव ओळखायच्या तीन खुणा. तो फार झटकन येतो, विचार करायच्या आत. तो प्रत्येक प्रसंगी तोच असतो. आणि त्याची किंमत दुसरीकडे कुठेतरी चुकवावी लागते: झोपेत, पोटात, नात्यात. या तिन्ही खुणा नसतील तर त्या सवयीच्या मागे लागू नका. बचाव वाईट नसतात. हार्वर्डमध्ये माणसांच्या आयुष्याचा दीर्घ अभ्यास करणाऱ्या जॉर्ज व्हॅलंट यांनी त्यांची अपक्व ते पक्व अशी उतरंड लावली. वरच्या पायरीवर विनोद, परोपकार, उदात्तीकरण (म्हणजे आतली ऊर्मी चांगल्या कामात वळवणं), पुढचं ओळखून तयारी करणं, आणि जाणूनबुजून ‘हे आत्ता नको, रविवारी बघू’ असं बाजूला ठेवणं हेही आहेत. म्हणजे वर ज्या विनोदाला आणि ‘ॲडजस्ट’ला नावं ठेवली त्यांचीच पिकलेली रूपं. कधी तेच करायचं याची निवड तुमच्या हातात आली की झालं.

एक कडक सूचना: हे ज्ञान घरच्यांवर वापरू नका. भांडणात ‘हे तुझं प्रक्षेपण आहे’ म्हणणं हा हल्ला असतो, आणि बहुतेकदा तुमचाच बचाव.

कोणाकडे जायचं

मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. औषधं देण्याचा अधिकार त्यांना. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषधं देत नाहीत, चाचण्या आणि थेरपी करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि तिचा क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. क्रमांक मागायला संकोच नको, प्लंबरलाही आपण दहा प्रश्न विचारतो. ‘समुपदेशक’ या शब्दाखाली मात्र मानसशास्त्रातल्या एमएपासून आठवडाअखेरच्या कोर्सपर्यंत सगळं सापडतं. शिक्षण, देखरेखीखाली किती काम केलं, आणि आजही कोणा ज्येष्ठांशी केसची चर्चा करतात का, हे विचारा.

पहिल्या फोनवर आणखी चार प्रश्न: कोणत्या पद्धतीने काम करता, सत्र किती मिनिटांचं, शुल्क किती आणि परवडत नसल्यास कमी होतं का, आणि ऐनवेळी रद्द केलं तर पैसे लागतात का. खाजगीत शुल्क काही शे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत कुठेही असू शकतं, आणि जास्त शुल्क म्हणजे जास्त कौशल्य असं गणित नाही. पत्रिका बघून उपचार ठरवणाऱ्याला नमस्कार करून निघा.

सरकारी मार्गात ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. १९०१ सालापासूनचं. ‘ठाण्याला पाठवू का?’ या जुन्या थट्टेमुळे लोक तिथे जायला बिचकतात, पण बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून तपासून घेणं आणि भरती होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयही ठाणे महापालिकेचं आहे. स्वयंसेवी क्षेत्रात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे सगळ्यांची ‘आयपीएच’, मराठीतून काम करते.

पद्धतींची नावं ऐकून गांगरू नका. ॲरन बेक यांची कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी आणि अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत विचारांकडून सुरुवात करतात, गृहपाठ देतात, साधारण १२ ते २० सत्रांत काम करतात. मनोगतिक पद्धत या लेखातल्या त्रिकोणावर चालते आणि बहुधा जास्त वेळ घेते. पॅनिक, विशिष्ट भीती, झोप यांसाठी पहिली. तेच भांडण तीन नोकऱ्यांत आणि दोन नात्यांत पुन्हा पुन्हा होत असेल तर दुसरी, असा ढोबळ हिशोब धरा.

जागा निवडताना अंतर नव्हे, वाट बघा. घोडबंदर रोडला राहून संध्याकाळी ७ ला नौपाड्यात वेळ घेतलीत तर कापूरबावडी आणि माजिवडा तुमची थेरपी बंद पाडतील. तुर्भे, घणसोलीला कामाला असाल तर ट्रान्सहार्बर मार्गावरच्या स्टेशनजवळची, शनिवार सकाळची वेळ टिकते. सत्रानंतर २० मिनिटं मोकळी ठेवा. तलावपाळीला एक फेरी मारा, मग घरी. डोळे सुजलेले असताना ‘काय झालं?’ला लगेच उत्तर द्यावं लागू नये.

ऑनलाइन घेणार असाल तर वन-बीएचकेतल्या भिंतींना कान असतात. उभ्या केलेल्या गाडीत बसून, इअरफोन लावून कितीतरी लोक सत्र घेतात. बाथरूममधून नको, आवाज घुमतो आणि कोणीतरी दार वाजवतंच.

खोलीत नक्की काय होतं

आठवड्याला एक सत्र, साधारण ५० मिनिटं. पहिल्यात माहिती: त्रास कधीपासून, घरात कोण, औषधं, झोप, व्यसनं. तुमची चौदा दिवसांची नोंद इथे काढा. गुप्ततेबद्दल थेरपिस्टने स्वतःहून सांगायला हवं. कायद्याने ती तुमचा हक्क आहे. जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश यांसारखे मोजकेच अपवाद.

त्रिकोण प्रत्यक्षात कसा दिसतो? समजा एका बाईंच्या भावाने आईचं घर स्वतःच्या नावावर करून घेतलं आहे.

‘तेव्हा काय वाटलं तुम्हाला?’
‘नाही हो मॅडम, ठीक आहे. त्यालाही मुलं आहेत.’
‘‘ठीक आहे’ म्हणताना मोठा उसासा आला. आणि उजवी मूठ वळलेय.’
‘हो का? माझ्या लक्षातच नाही आलं.’
‘मुठीला बोलता आलं असतं तर ती काय म्हणाली असती?’

इथे ‘ठीक आहे’ हा बचाव, उसासा आणि मूठ हा ताण, आणि मुठीतला राग ही भावना. पुढे बहुधा रागाच्या मागोमाग भावाबद्दलची माया येईल, मग त्या रागाबद्दल अपराधीपणा, मग आई गेल्याचं दुःख. एकाच माणसावर राग आणि प्रेम दोन्ही असू शकतं हे पचायलाच काही सत्रं लागतात. राग जाणवणं म्हणजे भावाशी भांडायला जाणं नव्हे. तसंच उशीवर गुद्दे मारून राग ‘बाहेर काढणं’ही नको, मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅगवर गुद्दे मारणाऱ्यांचा राग नुसतं बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त निघाला.

कुठे बिघडतं

तिसऱ्या-चौथ्या सत्रानंतर सोडून देणं, ही सगळ्यात नेहमीची गोष्ट. मन मोकळं झाल्याने बरं वाटतं आणि आपण म्हणतो, झालं. ओल सुकली, गळती तशीच. दुसरं टोक: सत्र विसरणं, उशीर होणं, नेमकं त्याच दिवशी डोकं दुखणं. हे सहसा एखादा महत्त्वाचा विषय निघाल्याच्या पुढच्या आठवड्यात होतं. अपराधी वाटून न घेता तेच खोलीत सांगा, ‘आज यावंसं वाटत नव्हतं’. त्या दिवसाचं काम तिथूनच सुरू होतं.

थेरपिस्टचा राग येणं, त्यांना खूश करावंसं वाटणं, ते कंटाळले असतील अशी शंका येणं, हेही सांगायचं. आपण घरात मोठ्यांशी जसे वागत आलो तसेच इथे वागतो आणि ते तिथल्या तिथे बघता येतं. मात्र थेरपिस्टने मैत्री वाढवली, पैशांचा व्यवहार केला, शारीरिक जवळीक साधली तर ते उपचार नाहीत. त्याच दिवशी थांबा.

औषधं चालू असतील तर बरं वाटलं म्हणून मनानेच बंद करू नका. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला २ ते ४ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, आणि एकदम थांबवल्यास चक्कर, बेचैनी, झिणझिण्या येऊ शकतात. त्यांची चटक लागत नाही. चटक लागू शकते ती क्लोनाझेपाम, अल्प्राझोलामसारख्या झटपट शांत करणाऱ्या गोळ्यांची. जुन्या चिठ्ठीवर त्या महिनोन्महिने घेत राहणं धोक्याचं.

उपयोग होतोय की नाही हे अंदाजाने ठरवू नका. उदासीसाठी पीएचक्यू-९ ही ९ प्रश्नांची चाचणी दर चार आठवड्यांनी भरा. गुण ० ते २७. १० किंवा वर असतील तर तज्ज्ञांकडे दाखवावं, आणि ५ गुणांचा उतार खरा मानावा. नववा प्रश्न ‘आपण मेलेलं बरं’ अशा किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर बेरजेची वाट न बघता सांगा. गुणांशिवायच्या खुणा नोंदवहीत सापडतात: ‘माहीत नाही’ कमी झालं, रागाचा आकडा ९ वरून ५ वर आला, घटना आणि भावनेचं नाव यांतलं अंतर साडेतीन तासांवरून दहा मिनिटांवर आलं. सहा ते आठ सत्रांत यातलं काहीच हललं नाही तर थेरपिस्टशी उघड बोला, पद्धत बदला, गरज पडल्यास माणूस बदला. दर महिन्याला बदलणं मात्र त्याच त्या पहिल्या सत्रात अडकून राहणं आहे.

थेरपी संपवायची असेल तेव्हा फोनवर ‘पुढच्या आठवड्यापासून नको’ असं करू नका. शेवटासाठी किमान दोन-तीन सत्रं ठेवा, मग दोन आठवड्यांनी एक, मग महिन्याने एक. निरोपाच्या त्या सत्रांत जुनी लक्षणं काही दिवस परत डोकावतात. वही काढा, त्या आठवड्याची नोंद करा, आणि पुढच्या वेळी सोबत न्या.